श्रीखंडाच्या डब्यातली चिल्लर: स्किझोफ्रेनिया, अंगातली सूज आणि मंदावलेलं डोकं

माझ्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात एक, दोन आणि पाच रुपयांची मिळून १२० नाणी आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा झाला की मी तो डबा विजूसमोर पालथा करते आणि घड्याळ बघते. त्यानं नाणी वेगळी करायची, मोजायची, तिन्हींच्या बेरजा कागदावर लिहायच्या. मला तीन मिनिटं लागतात, पण मी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होते. विजूला २०१७ साली अकरा मिनिटं लागायची. आता साडेसात-आठ लागतात. हा सगळा हिशेब एका लांब वहीत आहे, आणि या लेखात जे सांगणार आहे ते त्या वहीतूनच.

विजू माझा धाकटा भाऊ. दहावीला ७८ टक्के, बारावीला ५१, आणि एफवायला असताना स्किझोफ्रेनिया उघड झाला. नसलेले आवाज ऐकू येणं, संशय, रात्रभर येरझाऱ्या हे सगळं औषधानं बरंच आटोक्यात आलं. मग आम्हाला वाटलं, आता गडी कामाला लागेल. तिथं फसलो. दूध, कोथिंबीर आणि माचिस आणायला पाठवला की फक्त दूध घेऊन यायचा. प्रश्न विचारला तर उत्तर इतक्या उशिरा की आपण तोवर पुढचा प्रश्न विचारलेला असायचा. एका दवाखान्यात तर माझ्यासमोरच त्याला आळशी म्हटलं गेलं. मीही घरी येऊन तोच शब्द वापरला, याची मला आजही लाज वाटते.

तर पहिली गोष्ट ही की तो आळस नसतो. लक्ष टिकणं, डोक्याचा वेग, ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं वाचणं, हे सगळं या आजारात उणं पडतं आणि बऱ्याचदा आवाज ऐकू यायच्या आधीच पडायला लागतं. विजूचे बारावीचे गुण आठवा. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९०च्या दशकात या आजाराला जे नाव दिलं, त्याचा अर्थच 'अकाली आलेला बुद्धिऱ्हास' असा होता. स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली आणला. जुनं नाव चुकीचं होतं, कारण बहुतेकांचं डोकं म्हाताऱ्यांच्या विस्मरणासारखं घसरत जात नाही. पण डोक्याच्या कामात अडचण असते हे क्रेपेलिन यांनी पाहिलं होतं. आवाज थांबवणारी औषधं या अडचणीवर फारसं काही करत नाहीत. हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर घरातली निम्मी भांडणं झाली नसती.

आता सुजेचं. डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, पुस्तकात दाह लिहितात, आम्ही घरात सूज म्हणतो. पाय मुरगळल्यावर येते ती नव्हे. जंतू शिरला किंवा जखम झाली की शरीर आपली फौज बाहेर काढतं. ती कधीकधी काम संपलं तरी बराकीत परत जात नाही आणि मंद आचेवर वर्षानुवर्षं उकळत राहते. पोटाची चरबी, किडलेल्या हिरड्या, विडीचा धूर या सगळ्यांतून तिला सरपण मिळतं. या फौजेचे निरोप्ये असतात, त्यातला एक आयएल-६. त्याचा निरोप पोचला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं, आणि ते रक्तात मोजता येतं.

स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या रक्तात हे निरोप्ये आणि सीआरपी सरासरीनं जास्त सापडतात. सगळ्यांत नाही, काहींत. आणि ज्यांचा सीआरपी जास्त त्यांचे स्मरणशक्तीचे, वेगाचे गुण गट म्हणून थोडे कमी भरतात. 'गट म्हणून' आणि 'थोडे' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. सुजेमुळे डोकं मंदावतं, की एकाच तिसऱ्या कारणानं दोन्ही होतं, याचा निकाल लागलेला नाही. २०१६ साली हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीतलं सी-फोर नावाचं एक जनुक ज्यांच्यात जास्त जोरात चालतं त्यांना या आजाराचा धोका थोडा वाढतो, आणि उंदरांत हेच जनुक मेंदूतल्या जोडण्यांच्या छाटणीत भाग घेतं. आमच्याकडे तासगावला द्राक्षबागांची छाटणी एप्रिलात आणि ऑक्टोबरात होते. कात्री कुठं आणि किती चालवायची हे ठाऊक नसलेला गडी बागेत शिरला तर काय होतं ते तिथल्या कुणालाही विचारा. ती बातमी वाचली त्या दिवशी मला विजूची बारावी आठवली होती. अर्थात एकट्या विजूबद्दल असं काही सिद्ध होत नाही.

मग सूज कमी करणारी गोळी का देत नाहीत? मीही हेच विचारलं. देऊन पाहिली आहे. मिनोसायक्लिन नावाच्या अँटिबायोटिकवर सुरुवातीला बऱ्याच आशा होत्या. ब्रिटनमध्ये दोनशेहून जास्त जणांना वर्षभर देऊन पाहिलं, २०१८ साली निकाल आला, उपयोग दिसला नाही. ॲस्पिरिनचंही सुरुवातीचं बरं वाटणारं चित्र पुढच्या मोठ्या चाचणीत टिकलं नाही. त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच्या मनानं काही आणून देऊ नका. हळदीच्या दुधाचे निरोप मला आठवड्याला दोन तरी येतात. दूध द्या, छानच असतं. त्यासाठी गोळी मात्र बंद करू नका. शेजारच्या गल्लीत हे घडलंय, म्हणून लिहितेय.

गोळी नाही, तर करायचं काय? सरपण कुठून येतं ते शोधायचं.

मी सुरुवात दातांपासून केली, कारण विजूच्या ब्रशला रोज रक्त लागायचं आणि ते आम्ही सगळे सहा वर्षं बघत होतो. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वाढवतो. शिवाय या औषधांपैकी बऱ्याचशा गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते, त्यात दात आणखी खराब होतात. विजूला मशिनच्या आवाजाची भीती. पहिल्या दिवशी आम्ही फक्त खुर्चीत बसून आलो. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी नुसता आरसा घालून पाहिलं. तिसऱ्यांदा खालच्या दातांची सफाई झाली. चार खेपांत काम झालं, आणि डॉक्टरांनी पैसे एकाच खेपेचे घेतले. दंतवैद्याला आजाराबद्दल आणि चालू गोळ्यांबद्दल आधीच फोनवर सांगा, रुग्णासमोर कुजबुजत सांगू नका.

मग पोट. वजनकाट्यावर विसंबू नका, शिंप्याची टेप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही मर्यादा धरतात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा २००४ सालचा एक फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे शर्टाच्या मापानं बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असेलच असं नाही. विजूचा घेर १०१ होता. क्लोझापिन आणि ओलांझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्यांनी भूक खवळते, त्यामुळे 'कमी खा' म्हणणं निरुपयोगी. मी घरात फरसाण आणणं बंद केलं आणि रात्रीचं जेवण साडेसातला आणलं. डॉक्टरांना विचारून मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहावरची गोळी, सुरू झालं. तुमच्याकडेही विचारा, ते सर्वांना चालतं असं नाही. आणि चालणं: गणपती मंदिराकडून आयर्विन पूल, पुलावरून पलीकडे, परत. पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस, धाप लागेल इतक्या वेगानं. व्यायामानं या आजारात डोक्याच्या कामात सुधारणा होते असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलंय. 'जा, फिरून ये' म्हटलं तर तो जात नाही. मी चपला घातल्या की तोही घालतो. चौदा महिन्यांत घेर ९५ झाला. अजून ९० दूर आहे.

रक्ततपासणीत हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी एकदा करून घ्यायला हरकत नाही, पण सर्दी-ताप नसताना. ३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर म्हणजे जास्त. १०च्या वर आला तर बहुधा कुठंतरी ताजा संसर्ग असतो, दोन-तीन आठवड्यांनी परत करा. त्याबरोबर साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि बी-१२ बघा. आमच्यासारख्या शाकाहारी घरात बी-१२ हमखास कमी निघतं आणि त्यानंही डोकं मंद होतं, ते भरून काढणं सोपं. विजूचा सीआरपी ६.८ होता. दात, चालणं आणि फरसाणबंदी यानंतर वर्षानं ३.१ आला. मी पेढे आणले.

आणि चिल्लर? तेवढ्याच मिनिटांत. अकराचे पावणेअकरा.

खोटं कशाला सांगू? सीआरपी निम्म्यावर आला म्हणून नाणी भराभर वेगळी झाली नाहीत. तरी मी हे सगळं चालू ठेवलंय, कारण या आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात आणि बरीचशी हृदयाच्या विकारानं, मधुमेहानं जातात. तेवढं कारण मला पुरतं.

चिल्लरीचा वेळ खरा उतरला तो एका गोळीमुळे. विजूला फार वर्षांपूर्वी एक जुनं इंजेक्शन चालू होतं, त्यानं हात थरथरायचे, म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल दिलं. इंजेक्शन बंद झालं, थरथर गेली, पण ही गोळी चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत नऊ वर्षं चालू राहिली. या जातीच्या गोळ्या स्मरणशक्तीवर थेट भार टाकतात. मी सगळ्या जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून नेल्या आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर, ही कशासाठी चालू आहे?" त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या आणि तीन महिन्यांत हळूहळू कमी करत बंद केली. हळूहळू हे महत्त्वाचं, एकदम तोडली तर त्रास होतो. त्या उन्हाळ्यात चिल्लर नवावर आली, पुढं आठावर. बद्धकोष्ठही कमी झालं. ॲलर्जीच्या, लघवीच्या, झोपेच्या काही साध्या गोळ्यांतही हाच गुण असतो, म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या.

आता फेब्रुवारीची गोष्ट. तुमच्या घरी क्लोझापिन चालू असेल तर बाकीचा लेख विसरलात तरी चालेल, हे वाचा.

त्या रविवारी नाणी सांडली आणि विजू त्यांच्याकडे बघत बसला. एकोणीस मिनिटं झाली तरी पाच रुपयांचाच ढीग अर्धा. त्याला ताप नव्हता, खोकला होता थोडासा. मी म्हटलं, झोप झाली नसेल. सोमवारी संध्याकाळी अंग तापलं, छातीचा संसर्ग निघाला. मी लगेच शहाणपणा केला: छाती खराब आहे म्हणून विडीचं बंडल काढून घेतलं, एका दिवसात बंद. तो रोज वीस-बावीस ओढायचा. बुधवारी त्याच्या तोंडातून लाळ गळून उशी भिजलेली, जीभ जड, आणि मोरीत जाताना कोलमडला. मला वाटलं अर्धांगवायूच.

डॉक्टरांनी नंतर कागदावर यकृत काढून समजावलं. क्लोझापिनला यकृतातलं एक विकर (एन्झाइम) मोडून काढतं. विडी-सिगरेटच्या धुरानं ते विकर जास्त जोरात काम करतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. धूर एकदम थांबला की तेच विकर मंदावतं आणि तोच डोस रक्तात चढत जातो. अंगात जोराची सूज आली, म्हणजे न्यूमोनियासारखं काही झालं, तरी ते विकर मंदावतं. विजूच्या बाबतीत दोन्ही एकाच आठवड्यात घडलं, त्यातलं एक मी घडवलं. हा परिणाम धुराचा असतो, तंबाखूचा नव्हे, त्यामुळे विडी सोडून मळलेली तंबाखू धरली तरी हेच होतं. विडी सोडवायचीच आहे, पण आधी डॉक्टरांना सांगून, ते डोस हळूहळू जुळवतील अशा बेतानं. ताप आला तर त्याच दिवशी फोन करा. डोस तात्पुरता कमी करायचा का ते ते ठरवतील, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला सांगतील, कारण या गोळीनं क्वचित त्या धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. तीन दिवस पोट साफ नसेल तर तेही कळवा, क्लोझापिनवर साधं बद्धकोष्ठ साधं राहत नाही.

तेव्हापासून चिल्लरीचा मी एवढाच अर्थ लावते: वेळ एकदम दीडपट-दुप्पट झाला तर आजार वाढला असं म्हणत बसायचं नाही, आधी अंग बघायचं. ताप, लघवीला जळजळ, दात, पोट, झोप, चुकलेली गोळी. ही वैद्यकीय चाचणी नव्हे, माझी घरगुती युक्ती आहे. महिन्यातून एकदाच करा, रोज केली तर सरावानंच वेळ कमी होतो.

एक वेगळी सूचना, कारण गोंधळ होतो. मेंदूची खरी सूज, एन्केफलायटिस, हा निराळा आजार आहे. आधी ठणठणीत असलेलं माणूस काही दिवसांत किंवा आठवड्यांत भ्रमिष्ट झालं, त्यात फिट्स, ताप, तोंडाच्या-हातांच्या विचित्र हालचाली, बोलणं बंद होणं असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाबरोबर न्यूरॉलॉजिस्टही त्याच दिवशी लागतो. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्केफलायटिस हा त्यातला प्रकार २००७ साली ओळखला गेला. त्यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू झालेले बरे.

घरातल्या वागण्याबद्दल थोडं. विजू रोज दोन तास ओळखीच्या पिठाच्या गिरणीत बसतो. डबे घेतो, वजन करतो, नाव लिहितो. नावांत चुका व्हायच्या, कुलकर्ण्यांचं पीठ कुंभारांकडे जायचं, मालक वैतागले. आम्ही नावं बंद केली. आता डब्यावर खडूनं आकडा आणि गिऱ्हाइकाच्या हातात त्याच आकड्याचा पुठ्ठा. चूक जवळजवळ संपली. पहिले दोन आठवडे मी शेजारी बसून प्रत्येक डबा त्याच्याबरोबर केला, 'बघ, जमतंय का तुला' असं करू दिलं नाही. या माणसांना एकदा चुकीचं वळण बसलं की पुसणं कठीण, त्यामुळे सुरुवातीला चुकायची संधीच देऊ नये.

तीन वस्तू आणायच्या असतील तर चिठ्ठी. बोलायचं तर टीव्ही बंद करून, एका वेळी एकच वाक्य, आणि मग मनात दहा आकडे मोजायचे. सात-आठपर्यंत उत्तर येतं. हे दहा आकडे मला शिकायला चार वर्षं लागली. किल्ली, चष्मा, गोळ्यांची सात खणांची डबी यांच्या जागा हलवायच्या नाहीत, दिवाळीच्या साफसफाईतही नाही. कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचं रीतसर प्रशिक्षण असतं आणि ते उपयोगी ठरतं, विशेषतः खऱ्या कामाला जोडलं तर. तुमच्या शहरात मिळतं का ते विचारा. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. घरच्यांचा स्वमदत गट म्हणजे काय हे मला तिथं कळलं. रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलतात.

मी आता ६१ची आहे. वहीचं शेवटचं पान मी भाचीसाठी, सईसाठी लिहिलंय. वर गोळ्यांची नावं, सकाळ-रात्र. खाली दंतवैद्याची पुढची तारीख, टेप कुठं ठेवलीय, ताप आल्यावर कुणाला फोन करायचा. मग चिल्लरीची रीत. त्यात एक ओळ विजूनं माझ्यामागे उभा राहून वाचली आणि हसला: डब्यात दहाची नाणी घालू नकोस, ती तो गिरणीशेजारच्या चहावाल्याकडे खर्च करतो.